साठी, बुद्धी आणि मेंदू



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. नाठी म्हणजे निघून गेली, नाहीशी झाली. ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तिच्यात एक वैद्यकीय सिद्धांत दडलेला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. तो सिद्धांत असा की, केस पिकावेत, दात पडावेत, तशीच वयापरत्वे बुद्धीही जावी. त्यात नवल नाही आणि त्यावर इलाजही नाही. घरातले आजोबा एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागले की 'म्हातारचळ' म्हणून आपण मोकळे होतो. आजी नुकत्याच पानावरून उठल्या आणि 'मला आज कोणी जेवायला वाढले नाही' असे शेजारणीला सांगू लागल्या, की सुनेची मान खाली जाते, शेजारीण समजायचे ते समजते, आणि घरात जी धुसफूस सुरू होते ती पुढे वर्षानुवर्षे चालते. यात वय किती आणि आजार किती, हे कोणी पाहत नाही.

आणि पाहावयास तर हवे. कारण वयाचा दोष असेल तर तो सोसावयाचा असतो. आजार असेल तर त्याचे कारण शोधावयाचे असते, आणि शिवाय त्या माणसावर रागावण्याचा आपला अधिकार संपतो. पाय मोडलेल्या माणसाला 'चालत का नाहीस' म्हणून कोणी ओरडत नाही. म्हणून आज मी आपल्यापुढे मांडणार आहे ती या एका प्रश्नाची हकिगत : म्हातारपणी बुद्धी जाते ती वयामुळे की रोगामुळे, आणि हे विद्यापीठांच्या रुग्णालयांतून कसे शोधण्यात आले.

या रोगाला मराठीत आता स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे. शब्द गीतेतला आहे. परंतु तेथे तो क्रोधाने मोह पावलेल्या मनुष्याविषयी आहे, रोग्याविषयी नव्हे. आपण तो येथे निव्वळ वैद्यकीय अर्थाने घेऊ, त्यात कोणाच्या आचरणाचा दोष पाहू नये.

हकिगतीचा आरंभ जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात होतो. तेथील मनोरुग्णालयात १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका रेल्वे कारकुनाने आपल्या पत्नीला आणून दाखल केले. तिचे नाव आउगुस्ते. वय अवघे ५१. काही महिन्यांपासून ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेऊ लागली होती. वस्तू कोठेतरी लपवून ठेवी आणि मग सापडत नाहीत म्हणून हैराण होई. स्वयंपाक बिघडू लागला होता. रुग्णालयात आलोइस अल्झायमर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिच्यापुढे बसून प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. नाव विचारले तर तिने आउगुस्ते सांगितले. आडनाव विचारले तरी आउगुस्ते. नवऱ्याचे नाव विचारले तर थोडा विचार करून पुन्हा आउगुस्तेच. आपले नाव लिहावयास सांगितले तर सुरुवात करी आणि मध्येच थांबे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे काहीतरी ती पुनःपुन्हा म्हणे. रोग्याला आपली अवस्था अजिबात कळत नसते असे जे मानले जाते, ते सुरुवातीच्या काळापुरते तरी खरे नाही, हे या एका टिपणावरूनही दिसून येईल.

अल्झायमर पुढे म्यूनिकला गेले. तेथे एमिल क्रेपेलिन या त्या काळच्या थोर मनोवैद्याच्या हाताखाली विद्यापीठाचे नवे रुग्णालय उभे राहत होते, आणि त्यातील सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा अल्झायमर यांच्याकडे आली. परंतु फ्रँकफुर्टच्या त्या बाईला ते विसरले नव्हते. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली तेव्हा तिचा मेंदू आणि तिचे कागदपत्र त्यांनी म्यूनिकला मागवून घेतले. मेंदूचे कागदाहून पातळ काप करावयाचे आणि त्यांना चांदीच्या क्षाराचा रंग द्यावयाचा, अशी एक पद्धत त्या वेळी नुकतीच निघाली होती. फोटोची काच धुताना चांदीमुळे चित्र उमटते ना, तसाच काहीसा हा प्रकार. त्या रंगात दोन गोष्टी काळ्याभोर उठून दिसल्या. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते, आणि पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत, कसल्यातरी पदार्थाच्या चकत्या. जागोजागी तर पेशी नाहीशी होऊन नुसता गुंताच मागे उरला होता. घर जळून जावे आणि लोखंडी सांगाडा तेवढा शिल्लक राहावा, तसा.

१९०६ च्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सर्व मांडले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. आज ज्या रोगाचे नाव जगाच्या पाठीवर सर्वत्र माहीत आहे, त्याचे पहिले व्याख्यान असे पार पडले! १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या विकाराला 'अल्झायमरचा रोग' असे नाव दिले. अल्झायमर स्वतः १९१५ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, म्हणजे आउगुस्ते रुग्णालयात आली त्याच वयात, वारले. तिचे कागदपत्र पुढे दृष्टिआड झाले ते १९९५ साली फ्रँकफुर्टच्या विद्यापीठ रुग्णालयात पुन्हा सापडले.

येथे एक घोटाळा झाला, आणि तो पन्नास-साठ वर्षे टिकला. आउगुस्ते तरुण होती म्हणून तिचा तो 'रोग' ठरला, आणि सत्तरी-ऐंशीच्या माणसाला तेच झाले तर ते 'वय' ठरले. वास्तविक त्याच सुमारास प्राग येथे ऑस्कर फिशर या डॉक्टरांनी वृद्धांच्या मेंदूतही या चकत्या पाहून वर्णिल्या होत्या. परंतु पुस्तकातला रोग तो पन्नाशीतल्या दुर्मीळ रोग्यांचा, आणि म्हाताऱ्यांचे मेंदू म्हणजे काय, तर रक्तवाहिन्या कडक झाल्या, बाकी काही नाही, अशी समजूत घट्ट झाली. आपली म्हण आणि युरोपातील पाठ्यपुस्तके यांचे या बाबतीत पूर्ण एकमत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ही समजूत मोडली ती इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे. ब्लेसिड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी अगदी साधी गोष्ट केली. वृद्ध रोगी जिवंत असताना त्यांची स्मृती आणि दैनंदिन वागणूक यांना गुण दिले. ते वारल्यावर त्यांच्या मेंदूतील चकत्या मोजल्या. आणि दोन्ही आकडे शेजारी मांडले. जितक्या चकत्या जास्त तितकी बुद्धीची हानी जास्त, असे १९६८ साली त्यांनी दाखविले. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्टच लिहिले की, पन्नाशीतला रोग आणि ऐंशीतला 'चळ' हे दोन नाहीत, एकच आहेत. दुर्मीळ म्हणून गणला गेलेला रोग त्या दिवसापासून वृद्धांच्या सर्वांत मोठ्या रोगांपैकी एक झाला. रोगी वाढले नव्हते. मोजणी बदलली होती.

आता या चकत्या आणि हे गुंते म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. मेंदूतील पेशींच्या आवरणात एक लांबलचक प्रथिन रोवलेले असते. शरीरातील पाचक रसांसारखे काही रस त्याचे तुकडे पाडतात. त्यांपैकी एक तुकडा, चाळीस-बेचाळीस दुव्यांचा, चिकट असतो. तो वेळच्या वेळी वाहून गेला तर ठीक. साचला तर त्याच्या चकत्या होतात. या तुकड्याला बीटा अमिलॉइड म्हणतात. १९८४ साली सॅन डिएगो येथे जॉर्ज ग्लेनर यांनी तो वेगळा काढून ओळखला. दैवयोग असा की, १९९५ साली ग्लेनर स्वतः वारले ते याच जातीचा, पण वेगळ्या प्रथिनाचा, साका हृदयात साचून.

गुंते होतात ते दुसऱ्या प्रथिनाचे. त्याचे नाव टाउ. इमारत बांधताना बांबूंची परांची उभी करतात आणि बांबू जागेवर राहावेत म्हणून ते काथ्याने बांधतात. मेंदूच्या पेशीच्या लांब शेपटातही अशीच एक परांची असते, आणि तिच्यावरून मालाची ने-आण चालते. टाउ हा तिचा काथ्या. तो सुटला, त्याचा गुंता झाला, की परांची कोसळते, ने-आण थांबते आणि पेशी मरते. हे दोन बिघाड एकमेकांशी कसे जोडलेले आहेत यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. परंतु रोग्याची बुद्धी किती गेली याचा अंदाज चकत्यांपेक्षा गुंत्यांवरून अधिक चांगला लागतो, एवढे आता मान्य झाले आहे.

हे गुंते मेंदूत वाटेल तेथे उठत नाहीत. १९९१ साली त्याच फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात हाइको ब्राक आणि एव्हा ब्राक या पतिपत्नींनी त्यांचा मार्ग नकाशासारखा आखून दाखविला. आरंभ होतो कानशिलाच्या आतल्या अंगास, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या अगदी उंबरठ्यावर. हा भाग म्हणजे मेंदूचा आवक विभाग. आजची बातमी, सकाळचे जेवण, कोणाला काय दिले, याची पहिली नोंद तेथे होते. जुन्या आठवणी कालांतराने मेंदूच्या इतर भागांत मुरलेल्या असतात. म्हणून रोगी आज दुपारी काय खाल्ले हे विसरतो आणि साठ वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण रुसले होते ते खडान्‌खडा सांगतो. घरच्यांना वाटते, हे ढोंग आहे. सोयीचे तेवढे आठवते. ते ढोंग नव्हे. आवक विभाग बंद पडला आहे, जुने दप्तर अजून शाबूत आहे. पुढे गुंते दप्तरापर्यंतही जातात.

इथपर्यंत प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु खरी अडचण पुढेच आहे. पुष्कळ म्हाताऱ्यांच्या मेंदूत थोड्याफार चकत्या असतात. मग एकाची बुद्धी जाते आणि दुसरा नव्वदीत हिशेबाची वही कशी लिहितो? हे पाहावयाचे तर पुष्कळ वृद्ध माणसे घ्यावी लागतील, वर्षानुवर्षे त्यांची परीक्षा घ्यावी लागेल, आणि शेवटी त्या सर्वांचे मेंदू तपासावे लागतील. पण माणसे सारखी नसतात. एक विडी ओढतो, दुसरा ओढत नाही. एकीला सात मुले, दुसरीला एकही नाही. एक दुधातुपावर वाढलेला, दुसऱ्याला भाकरीची भ्रांत. फरक दिसला तर तो कशामुळे, हे कसे ठरवावे?

यावर एका साथरोगतज्ज्ञाला एक युक्ती सुचली. त्यांचे नाव डेव्हिड स्नोडन. १९८६ साली ते मिनेसोटा विद्यापीठात होते, आणि जवळच्या मँकॅटो गावी 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या कॅथलिक पंथातील जोगिणींचा मठ होता. या सिस्टर्स अविवाहित. एकाच पंगतीत जेवणाऱ्या. धूम्रपान नाही. सारख्याच खोल्या, सारखेच डॉक्टर. बहुतेकींचा पेशा एकच, शाळेत शिकविणे. प्रयोगशाळेत पांढरे उंदीर एकसारखे वाढवितात ते ज्या कारणासाठी, ते कारण येथे माणसांच्या बाबतीत आपोआप साधले होते. तुलना जरा उद्धट वाटेल, पण शास्त्राच्या दृष्टीने तीच खरी गोम आहे. स्नोडन १९९० साली लेक्सिंग्टन येथील केंटकी विद्यापीठात गेले आणि तेथील वैद्यकीय केंद्रात हा अभ्यास वाढला. अमेरिकेतील त्या पंथाच्या निरनिराळ्या मठांतील ६७८ सिस्टर्स त्यात सामील झाल्या. सर्व पंचाहत्तरीच्या पुढच्या, काही तर शंभरी ओलांडलेल्या. त्यांनी तीन गोष्टी मान्य केल्या : आपली जुनी कागदपत्रे पाहू द्यावयाची, दर वर्षी परीक्षा द्यावयाची, आणि मृत्यूनंतर मेंदू द्यावयाचा.

ही शेवटची अट सोपी नव्हती. मेलेल्या शरीराविषयी ख्रिस्ती भाविकांच्याही मनात भावना असतात. पण ज्यांनी नकार दिला त्यांच्यापेक्षा होकार देणाऱ्या जास्त निघाल्या. त्यांच्यातील एकीने असे सांगितले की, मुलेबाळे नकोत हा कठीण निर्णय आम्ही पूर्वीच घेतला. आता या मार्गाने तरी पुढच्या पिढ्यांना काही देता येईल. सिस्टर वारली की तिचा मेंदू लेक्सिंग्टनला पोहोचे आणि विल्यम मार्क्सबेरी हे विकृतितज्ज्ञ तो तपासत. विशेष असे की, जिवंतपणीचे तिचे गुण त्यांना आधी सांगितले जात नसत. हा नियम फार महत्त्वाचा. आपण जे शोधतो ते सापडावेच अशी इच्छा प्रत्येकाच्या मनात असते. डोळ्यांवर पट्टी बांधल्याशिवाय तराजू सरळ राहत नाही.

मठाच्या जुन्या पेट्यांतून एक घबाड मिळाले. १९३० च्या सुमारास, व्रत घेण्यापूर्वी, प्रत्येक तरुण सिस्टरला एका कागदावर आपले आत्मवृत्त लिहून द्यावे लागे. त्या वेळी त्या सरासरी बावीस वर्षांच्या. आता त्याच ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. साठ वर्षांपूर्वीच्या मनाचा जणू फोटोच हाती आला! सुसान केंपर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी त्या लेखनातील विचारांची दाटी मोजली. म्हणजे दर दहा शब्दांमागे किती कल्पना येतात ते पाहिले. 'माझा जन्म अमुक गावी झाला, मला दोन भाऊ आहेत' असे एक लिहिणे. आणि वडिलांचा धंदा, त्या वर्षाचा दुष्काळ आणि आपल्या जन्माने घरात झालेला आनंद हे सारे एकाच वाक्यात ओवणे, हे दुसरे. १९९६ साली निष्कर्ष छापून आले. आत्मवृत्त उपलब्ध असलेल्यांपैकी तोवर वारलेल्या चौदा सिस्टर्सचे मेंदू तपासले होते. ज्यांच्या लेखनात विचारांची दाटी कमी होती, त्यांच्या सर्वांच्या मेंदूत अल्झायमरचा रोग निघाला. जिच्या लेखनात ती जास्त होती, अशा एकीच्याही मेंदूत तो नव्हता.

हे ऐकून आपल्यापैकी काहीजण घरी जाऊन आपली जुनी पत्रे काढून बसतील. तसे करू नये. चौदा हा आकडा फार लहान आहे. शिवाय अशा निष्कर्षाचे दोन अर्थ होतात. एक असा की, तरुणपणी भरपूर कसलेला मेंदू म्हातारपणी शिलकीवर तग धरतो. दुसरा असा की, मेंदूतील उणेपणा बावीसाव्या वर्षीच कोठेतरी होता, आणि लेखनातील पातळपणा हे त्याचे चिन्ह होते, कारण नव्हे. यांपैकी कोणता खरा, हे त्या कागदांवरून सांगता येत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र पहिलाच अर्थ उचलला आणि 'शब्दकोडी सोडवा, बुद्धी वाचवा' असा उपदेश त्यातून काढला. मला तो उपदेश या पुराव्यापेक्षा बराच मोठा वाटतो.

याच अभ्यासातील एक सिस्टर मेरी या नावाने प्रसिद्ध झाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती शिकवीत होती. ती १०१ व्या वर्षी वारली, आणि शेवटच्या परीक्षांतही तिचे गुण चांगले होते. मेंदू उघडून पाहिला तर तो चकत्या आणि गुंते यांनी भरलेला! सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा म्हणेल, ही रोगी होती. तिच्या वर्गातली मुले म्हणतील, छे, बाई तर अगदी खणखणीत होत्या. न्यूकॅसलचा हिशेब हजारांना लागू पडतो, पण एकेका माणसाला तो चुकवून पुढे जाता येते, हे तिने दाखविले.

असे कसे होते, याचा एक धागा १९९७ साली त्याच अभ्यासातून हाती आला, आणि माझ्या मते लोकांच्या उपयोगाच्या दृष्टीने तो आत्मवृत्तांपेक्षाही मोलाचा आहे. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या अशा एकसष्ट सिस्टर्स घेतल्या. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत, खोल भागात, बारीक रक्तवाहिनी बुजून झालेले एकदोन लहानसे घाव होते; त्यांतले कित्येक जिवंतपणी कोणाला कळलेही नसतील. हे घाव असलेल्यांत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. उलट, अल्झायमरच्या खुणा नसलेल्यांत तेच घाव फारसे काही बिघडवीत नव्हते. एका चाकाची हवा कमी असलेली बैलगाडी सपाट रस्त्यावर कशीबशी चालते. त्यात दगड आला की उलटते. चकत्या काढून टाकणे आपल्या हाती नाही. पण रक्तवाहिन्या बुजतात त्या रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी, आणि त्यांच्यावर पुष्कळसे आपल्या हाती आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली चौदा कारणे मोजली; ती सर्व दूर झाली तर बुद्धिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के घटना टाळता किंवा लांबणीवर टाकता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, अपुरे शिक्षण आहे. आणि आपल्याकडे ज्याची कोणी दखल घेत नाही तो बहिरेपणाही आहे.

शिक्षणाचे नाव निघाले म्हणून आपल्या देशातील एक कोडे सांगतो. हरियाणातील बल्लभगडच्या आसपासच्या खेड्यांत पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधक आणि आपले डॉक्टर यांनी मिळून वृद्धांची पाहणी केली. बहुसंख्य मंडळी निरक्षर. तेव्हा तारीख लिहा, वाक्य वाचा, असल्या परदेशी परीक्षा बाजूस सारून, बोलून आणि करून दाखविता येतील असे प्रश्न हिंदीत तयार करावे लागले. १९९८ साली निकाल आला तो असा की, अल्झायमरचे प्रमाण तेथे फारच कमी. केंटकीच्या निष्कर्षाने पाहिले तर निरक्षरांत ते जास्त यावयास हवे होते! कोणी म्हणाले, शाकाहार. कोणी म्हणाले, वंशपरंपरा. कोणी म्हणाले, रोगी लवकर वारतात म्हणून गणतीत येत नाहीत. मुंबईतही एक मोठी पाहणी झाली होती, २४ हजारांहून अधिक लोकांची. तिचे निष्कर्ष २००१ साली आले, आणि पासष्टीपुढच्यांत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत भरले. परंतु २०२३ साली साऱ्या देशाच्या पाहणीवरून जो अंदाज निघाला तो याहून फार मोठा आहे : साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आणि ते प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत व अशिक्षितांत अधिक. रोग एवढा वाढला की मोजण्याची फूटपट्टी बदलली? बरेचसे दुसरेच असावे असे मला वाटते. ज्या घरात आजोबांना कोणी जमाखर्च लिहावयास सांगतच नाही, तेथे ते जमाखर्च विसरले हे कोणाला कळणार?

औषधांविषयी आपण विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. १९९६ पासून अमेरिकेत मिळू लागलेले डोनेपेझिल आपल्याकडेही मिळते. त्याने काहींना काही काळ थोडे बरे वाटते, रोग थांबत नाही. चकत्या धुऊन काढणारी नवी औषधे शिरेतून द्यावी लागतात. त्यांपैकी लेकानेमॅब या औषधाची कसोटी १,७९५ रोग्यांवर झाली आणि २०२३ साली अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षात, अठरा गुणांच्या मापावर, औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा ०.४५ गुणाने कमी झाली. चकत्या खरोखरच धुतल्या गेल्या. शास्त्राच्या दृष्टीने हा टप्पा मोठा आहे. पण अर्ध्या गुणाचा फरक रोग्याजवळ राहणाऱ्या मुलीला जाणवेल काय, आणि काही रोग्यांच्या मेंदूला सूज येते किंवा आत बारीक रक्तस्राव होतो त्याचे काय, यावर डॉक्टरांत दोन तट आहेत. एक गोष्ट मात्र आता समजून चुकली आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतील चकत्यांचे चित्र घेता येऊ लागल्यापासून असे दिसले की, पहिले विस्मरण होण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून त्या साचत असतात. आपण औषध देतो ते आग विझत आल्यावर.

परंतु याच्याही आधी पाहावयाची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या गावच्या डॉक्टरलाही पाहता येते. बुद्धी जाते तेव्हा दर वेळी अल्झायमरच असतो असे नाही. कंठग्रंथी मंद झाली, मन खिन्नतेने ग्रासले, झोपेच्या गोळ्या फार झाल्या, महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडून कवटीच्या आत रक्त साकळले, तरी माणूस असाच विसरू लागतो. आणि यांतले पुष्कळसे उपचारांनी सुधारते. आपल्याकडे त्यात आणखी एकाची भर घातली पाहिजे : बी-१२ जीवनसत्त्व. ते मिळते दूध, अंडी, मांस, मासे यांतून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली त्यांनी छापले की, त्यांपैकी ६७ टक्के लोकांत हे जीवनसत्त्व कमी होते. कमी असले म्हणजे बुद्धी गेलीच असे नव्हे. पण बुद्धी चाललेल्या वृद्धाच्या बाबतीत ही साधी रक्ततपासणी न करता 'वय झाले' म्हणणे हे मी अक्षम्य मानतो.

मेंदूदानाचे पुष्कळांना माहीत नसते म्हणून तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे देहदान करणारे आता पुष्कळ आहेत. तो देह वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना शरीररचना शिकविण्यासाठी जातो. संशोधनासाठी मेंदू हवा असेल तर तो मृत्यूनंतर काही तासांच्या आत काढावा लागतो आणि त्याबरोबर रोग्याची जिवंतपणीची माहितीही लागते. नुसता मेंदू म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. अशी मेंदूपेढी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून आहे. तेथे रोगी मेंदू येतात, पण तुलनेसाठी निरोगी वृद्धांचेही हवे असतात. सिस्टर मेरीचा मेंदू जर फक्त रोगी म्हणून मागितला असता, तर तो कधी मिळालाच नसता.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. या रोगात डॉक्टर रोग्यापेक्षा घरच्या माणसावर अधिक अवलंबून असतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९८२ साली जे मोजमाप तयार झाले आणि आज जगभर वापरले जाते, वर सांगितलेला अठरा गुणांचा हिशेबही ज्यातून निघाला, त्यात घरच्या माणसाची स्वतंत्र मुलाखत घ्यावीच लागते. म्हणून डॉक्टरकडे जाताना एक साधी वही न्यावी. पाहुण्याचे नाव आठवले नाही आणि रात्री झोपताना आठवले, हे तीत लिहिण्याचे कारण नाही; ते सर्वांचेच होते. पण रोजच्या मंडईतून परत येताना वाट चुकली ती कोणत्या महिन्यात. पेन्शनच्या कागदावरची सही केव्हापासून बदलली. चहात साखरेऐवजी मीठ एकदाच पडले की दर आठवड्यास पडते. हे सारे हळूहळू झाले की पडल्यानंतर एकदम. कोणत्या गोळ्या चालू आहेत. कानाला नीट ऐकू येते काय. आणि रात्री झोप कशी लागते. तारखा अंदाजाने लिहिल्या तरी चालतील. गोळ्यांची नावे मात्र अंदाजाने लिहू नयेत, पाकिटेच बरोबर न्यावीत.